एका बोटाचं दार

आमच्या सोसायटीत नीलम्माक्काला सगळे 'भित्री आजी' म्हणायचे. तोंडावर नाही, पण जिन्यात, लिफ्टमध्ये, पाणी आलं की खाली मोटरीपाशी. मला लई राग यायचा. एकदा तर मी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईला म्हणलं, "तुमच्या घरात झुरळ निघालं की तुम्ही खुर्चीवर उभ्या राहता, आणि अक्काला नावं ठेवता व्हय?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही.

मी अंबुबाई. समोरच्या दारात राहते, कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून दुकानांना घालते. माझं माहेर अक्कलकोटच्याही खाली, अगदी कर्नाटकाच्या शिवेला. घरात मेंढरं. आम्ही धनगर, अक्का लिंगायत, पण तिचंही माहेर त्याच अंगाचं. त्यामुळं दोघींचं कानडी जुळलं. पहिल्याच दिवशी ती दारात उभी राहून मला म्हणाली, "ऊटा आयतेन?" जेवलीस का. या चार मजल्यांच्या सिमेंटच्या डब्यात मला तोवर असं कुणी विचारलं नव्हतं. माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

आणि ही बाई मुळात भित्री नव्हती हो. सोलापूरच्या बाळीवेशीत त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. तिचे मालक गुरुबसप्पा गल्ल्यावर, ही तराजूपाशी. एकदा भरदुपारी एक चोरटा गल्ल्यात हात घालायला लागला, तर हिनं हातातलं वजन असं फेकून मारलं की तो लंगडत पळाला. अजून तिकडचे लोक सांगतात. ज्वारी हातात घेतली की कुठल्या गावची ते सांगायची. अशी बाई. तिला भ्यायला शिकवलं ते या वस्तूंनी.

मुलगा प्रभु पुण्याला. चांगला आहे पोरगा, खोटं कशाला बोलू. पण पुण्याचं घरभाडं, पोरांची शाळा, गाडीचे हप्ते, सगळं त्याच्या मानगुटीवर. आई-वडलांना तिकडं न्यायची ऐपत नाही, आणि इकडं एकटे ठेवायची भीती. मग दुकानाची जागा विकली आणि इथं फ्लॅट घेतला. "आई, सेफ आहे इथं. वॉचमन, कॅमेरा, लिफ्ट, सगळं आहे." होतं की सगळं! आणि सगळ्याचे पैसे होते. लिफ्टमध्ये पाय न घालणाऱ्या अक्काला लिफ्टचा मेंटेनन्स. गाडी नसताना पार्किंगचा. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी सुटणार, म्हणून टँकरची वर्गणी वेगळी. अक्का म्हणायची, "अंबू, हितं श्वास घेतला तरी मेंटेनन्स लागतोय बघ."

तरी ती सगळं शिकत होती. विजेच्या शेगडीवर बोट टेकवलं की टुंग वाजायचं, ही दचकायची, पण स्वयंपाक करायची. गॅसचं बुकिंग फोनवर, लाईटबिल फोनवर, सोसायटीची नोटीस फोनवर. फोनमधली बाई इंग्रजीत काहीतरी बोलायची आणि अक्का घाबरून म्हणायची, "काय दाबलं गं मी? काही बिघडलं का?" तिला सगळ्यात भीती याचीच. आपल्या बोटानं काहीतरी होईल आणि ते आपल्याला परत फिरवता येणार नाही.

तशात अप्पांचं, म्हणजे गुरुबसप्पांचं, विसरणं वाढलं. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरायचे, मग जेवलो की नाही ते. मराठी तर हळूहळू गळूनच गेली त्यांची. उभा जन्म गिऱ्हाइकांशी मराठीत बोललेला माणूस, पण म्हातारपणी तोंडात फक्त लहानपणची कानडी उरली. एका दुपारी अक्काचा डोळा लागला आणि अप्पा दार उघडून निघाले, दुकान उघडायला! तिथं आता मोबाईलचं शोरूम आहे. संध्याकाळी सापडले ते कंबर तलावाच्या काठी, अनवाणी, पायाला फोड. अक्का त्या दिवशी रडली नाही. नुसती त्यांच्या पायांना तेल लावत बसली.

प्रभु दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आला, आणि सोबत ते मेलं कुलूप घेऊन आला.

काळं, चकचकीत, सेलवर चालणारं, बोट टेकवायचं कुलूप. बाहेरून बोट, आतूनही बोट. बोट ओळखलं तरच उघडणार. त्यात बोट अक्काचं, प्रभुचं आणि सुनेचं. अप्पांचं मुद्दाम घातलं नाही, म्हणजे ते बाहेर जाणार नाहीत. प्रभुला पुण्यात बसून फोनवरूनही उघडता येतं म्हणे. जुनी कडी काढली, कारण ती नव्या कुलपाच्या आड येत होती. लोखंडी चावी होती एक, ती प्रभुनं स्वतःपाशी ठेवली, हितं हरवेल म्हणून.

अक्कानं सगळं नीट बघून घेतलं. मग विचारलं, "प्रभु, माझं बोट चालतंय, त्यांचं चालत नाही. मग आत मला काही झालं तर?"

"तुला काय होणार आहे, आई?"

"पडले-झडले तर? ते कसं उघडणार?"

"मी उघडीन की पुण्यातून."

"आणि लाईट गेली तर?"

प्रभु हसला. "किती नकारात्मक विचार करतेस गं!" मी शेजारी उभी होते. मी म्हणलं, "माझं बोट घाला की त्यात. मी समोरच आहे." अक्काचा चेहरा जरा फुलला. पण प्रभुचा फोन अडून बसला. ॲप नवं करून घ्या म्हणायला लागला, पासवर्ड मागायला लागला. त्याची गाडीची वेळ झाली. "पुढच्या खेपेला नक्की घालतो, काकू." पुढच्या खेपेला सुट्टी मिळाली नाही. त्याच्या पुढच्या खेपेला पोराला ताप. माझं बोट राहिलं ते राहिलंच.

तेव्हापासून अक्का त्या दाराकडं बघत जगायची. पिठाचा हात असला की कुलूप ओळखायचं नाही, ओला असला की ओळखायचं नाही. कुलपातली बाई इंग्रजीत काहीतरी पुटपुटायची आणि अक्का पदराला बोट पुसून पुसून पुन्हा टेकवायची. कधी उगाचच उघडून बघायची, उघडतंय न्हवं म्हणून. अंघोळीला जाण्याआधी मला हाक, "अंबू, आहेस न्हवं घरात?" मी आहे म्हणलं की मगच जायची. "माझं मरण आलं तर येऊ दे गं," ती एकदा म्हणाली, "पण मी आत पडायची, आणि ते माझ्यापाशी उपाशी बसून राहायचे. कुणाला कळायचं पण नाही. या विचारानं झोप लागत नाही मला." यावर लोक हसायचे! हसणाऱ्यांचे दात घशात गेले पाहिजेत, असं वाटायचं मला.

त्या सकाळी माझी लग्नाच्या घरची मोठी ऑर्डर होती. मी जाताना सांगितलं, "अक्का, मी येईपर्यंत न्हाणीत जाऊ नका." ती म्हणाली, "व्हय गं बाई, जा." पण आमच्याकडं त्याच दिवशी नळाला पाणी सुटलं. सोलापुरात पाणी सुटलं की मेलेला माणूससुद्धा बादली घेऊन उठतो. अक्का काय बसून राहणार?

मी भाकऱ्या पोचवून आले तर गेटवर नुसता गोंधळ. लाईट गेलेली, मोटर बंद, जनरेटर डिझेल वाचवायला बंद, इंटरकॉम तेवढा बॅटरीवर चालू. बायका हंडे-घागरी घेऊन खालच्या हौदाभोवती उभ्या. वॉचमन ज्ञानबा कपाळाला हात लावून बसलेला. तो माढ्याकडचा, नुकताच लागलेला, भला माणूस.

मला बघून म्हणाला, "अंबूमावशी, तुमच्या समोरच्या म्हाताऱ्यानं डोस्कं पिकवलंय माजं. मगाधरनं इंटरकॉमवर वरडतंय, हौद, हौद! मी पळत जाऊन हौद बगितला. भरलाय की. वर जायला येळ कुठला? भरलाय म्हणून इंटरकॉमवरच सांगितलं. तरी ह्यांचं आपलं हौद, हौद. शेवटी ठिवला मी फोन. ह्या वयात हौदाची काय काळजी लागलीय काय की!"

मी हातातली पिशवी तिथंच टाकली.

"ज्ञानबा, तू आधी काय विचारलंस त्यांना?"

"मी? मी इचारलं, काय झालं अप्पा, कोण पडलं-बिडलं का काय? त्यावरच तर म्हणाले, हौद."

"अरे, हौद म्हणजे हो! कानडीत हौद म्हणजे हो रे बाबा!"

तो माणूस वरून जीव तोडून सांगत होता, हो, पडलंय, हो, हो. आणि अख्खी बिल्डिंग खाली हौदाचं पाणी मोजत होती.

लिफ्ट बंद. मी जिन्यानं पळाले. माझं वय पळायचं नाही, गुडघे बोंबलत होते. मागून ज्ञानबा. दारापाशी पोचले आणि दोन्ही हातांनी दार बडवलं. "अक्का! अक्काऽ!" उत्तर नाही. आतून फक्त पाण्याचा आवाज. वरच्या टाकीत उरलेलं पाणी नळातून चालूच होतं, बादलीतून वाहायचा आवाज येत होता. दाराच्या फटीतून पाणी बाहेर यायला लागलेलं. मी खाली बघितलं, आणि देवा सिद्धेश्वरा, मला वाटलं हे पाणी लाल तर नाही ना! पुन्हा वाकून बघितलं. नव्हतं.

मी प्रभुला फोन लावला. उचलला बिचाऱ्यानं. "थांबा काकू, आत्ता उघडतो." मग नुसता श्वास. मग, "काकू, कुलूप ऑफलाईन दाखवतंय. तिथं नेट नाही. लाईट गेलीय का?" मी म्हणलं, "गेलीय बाबा." तो पलीकडं रडायलाच लागला. एवढा मोठा बाप्या, ऑफिसात चारचौघांत. "दार फोडा काकू. काहीही करा, फोडा."

ज्ञानबा पहार आणायला खाली पळाला. मी दाराला कान लावला. अगदी दाराला टेकून पलीकडं कुणीतरी श्वास घेत होतं.

"अप्पा," मी कानडीत हाक मारली, "अप्पा, नान अंबू."

श्वास थांबला. मग कुलपावर बोट टेकवल्याचा तो टुक्क आवाज, आणि ती इंग्रजी बाई. पुन्हा टुक्क. पुन्हा ती बाई. अप्पा बोट टेकवत होते! कुणी शिकवलं नव्हतं, बायकोला करताना बघितलं असेल. एक बोट, मग दुसरं, मग तिसरं. आणि ते कुलूप त्यांना ओळखत नव्हतं. त्या कुलपाच्या सात पिढ्यांचा मी तिथं उद्धार केला, त्यातला एकही शब्द इथं सांगण्यासारखा नाही.

"अप्पा, यारु बिद्दार?" कोण पडलंय?

पलीकडून आवाज आला. म्हाताऱ्याचा नव्हता तो. लहान पोर जत्रेत हरवल्यावर जसं बोलतं, तसा.

"अव्वा," ते म्हणाले. "अव्वा बिद्दाळ."

आई पडली.

बायकोला आई? पण त्या वेळी विचार करायला सवड कुठली! ज्ञानबा पहार घेऊन आला, मागं दोन-तीन माणसं. त्यांनी पहार फटीत घातली आणि मी ओरडले, "थांबा, म्हातारा दाराला टेकून उभाय!" दार आत उघडतं. जोर लावला असता तर अप्पांच्या कपाळात बसलं असतं. "अप्पा, हिंदक्क सरीरी! मागं सरका!" हलतील तर शपथ. "हौद," म्हणाले, आणि तिथंच उभे. मी विनवलं, रागावले, रडले. "हौद. हौद." सगळ्याला हौद. वाहत्या पाण्याचा आवाज चालू, आणि अक्काचा आवाज नाही. मला वाटलं, आता हिला आपण मेलेलीच बघणार.

मग मला काय सुचलं काय की. मी म्हणलं, "अप्पा, अव्वा बोलावतेय तुम्हाला. अव्वाकडं जा. तिच्यापाशी बसा." कानडीत म्हणलं.

पावलं वाजली. पाण्यातून फतक, फतक, लांब गेली. "मार," मी ज्ञानबाला म्हणलं, "मार आता!"

तिसऱ्या दणक्याला दार गेलं. एवढं महागाचं कुलूप, पण चौकट तकलादू. न्हाणीच्या दारात अक्का एका अंगावर पडली होती, पाय विचित्र वळलेला, चेहरा पांढराफटक. अप्पा तिच्यापाशी पाण्यात मांडी घालून बसलेले, तिचं डोकं मांडीवर. स्वतःच्या धोतराच्या टोकानं तिचं तोंड पुसत होते. ती जिवंत होती. डोळे उघडले, आधी दाराकडं बघितलं. "उघडलं?" म्हणाली, आणि पुन्हा मिटले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. प्रभु रात्रीपर्यंत पोचला. अप्पांना मी माझ्या घरी ठेवलं, माझी सून बघत होती त्यांच्याकडं.

दोन दिवसांनी मी दवाखान्यात अक्कापाशी बसले होते. प्रभु औषधं आणायला गेलेला. अक्कानं विचारलं, "अंबू, दाराआडून ते काय म्हणाले गं?"

मी गडबडले. म्हणलं, "नीलम्मा पडली म्हणाले."

अक्का हसली. दुखत असताना हसली. "खोटारडी! उभ्या जन्मात त्यांनी माझं नाव घेतलं नाही. आमच्यात घेत नाहीत. 'इल्ली केळ', इकडं ऐक, एवढीच हाक." मग माझ्याकडं रोखून बघितलं. "अव्वा म्हणाले न्हवं?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"गेल्या दिवाळीपासून तसंच म्हणतात," अक्का म्हणाली. "माझ्या सासूला अव्वा म्हणायचे ते. रोज सकाळी माझ्यापुढं कपाळ करून बसतात, विभूती लाव म्हणून, लेकरागत. मी लावते. पहिल्या दिवशी मी लई रडले, आता सवय झाली." तिनं माझा हात धरला. गार होता तिचा हात. "प्रभुला माहीत नाही. त्याला वाटतंय नुसते विसरतात. तो मागं म्हणाला होता, आई, ज्या दिवशी ते तुला ओळखणार नाहीत त्या दिवशी आपण त्यांना संस्थेत ठेवू, पुण्यात असतात चांगल्या. ते एकटे तिथं, कानडी कळणारं माणूस नाही. कुणाला अव्वा म्हणतील गं ते? दाराची भीती मी सगळ्यांना सांगितली, अंबू. ही सांगितली नाही."

तेवढ्यात प्रभु आलाच. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. औषधाची पिशवी ठेवली आणि मला म्हणाला, "काकू, डॉक्टर विचारत होते, अप्पांना किती समजतं म्हणून. त्या दिवशी आतून ते नक्की काय बोलले?"

चादरीखाली अक्काची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"मी विचारलं, कोण पडलंय," मी म्हणलं. "तर म्हणाले, आई पडली."

"असंच म्हणाले? आई पडली?"

"असंच, बाबा. देवाशपथ."

प्रभु खाटेवर टेकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "म्हणजे ओळखतात की अजून आईला," तो म्हणाला. "मी उगाच घाबरत होतो."

अक्कानं तोंड भिंतीकडं केलं. माझं मनगट तिनं सोडलं नाही.